ठिपके वाढले, मग?

"उपाशी ठेवलेल्या पेशींत हिरवे ठिपके दुप्पट झालेत. म्हणजे ऑटोफॅजी वाढली ना?" आज कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत एका विद्यार्थिनीने विचारलं. ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःचेच भाग पिशवीत भरून पचवणं. चित्र सुरेखच होतं.

पण जीएफपी-एलसी३चा (पिशवीवर बसणारं एलसी३ प्रथिन, त्याला जोडलेलं हिरवं चमकणारं जीएफपी) ठिपका म्हणजे भरलेली पिशवी, ऑटोफॅगोसोम. ती पुढे लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या आम्ल कप्प्यात, रिकामी झाली का, हे तो सांगत नाही. मोरीत पाणी साचलंय ते नळ मोठा सोडल्यामुळे की मोरी तुंबल्यामुळे, नुसतं पाणी बघून कसं कळणार?

म्हणून शेवटचे दोन-चार तास बॅफिलोमायसिन हे लायसोसोमचं काम अडवणारं रसायन घालायचं, साधारण १०० नॅनोमोलर. लायसोसोम बंद. ठिपके आणखी वाढले तर वाट मोकळी होती. वाढलेच नाहीत, तर गडबड पुढेच कुठेतरी आहे.

दुसरा उपाय दुरंगी एमचेरी-जीएफपी-एलसी३, म्हणजे एलसी३ला लाल एमचेरी आणि हिरवं जीएफपी दोन्ही जोडलेले. लायसोसोमचा पीएच ४.५ ते ५, तिथे जीएफपी विझतं, एमचेरी टिकतं. पिवळा ठिपका अजून वाटेत, लाल पोहोचलेला. यातही गोम आहेच: पेशी फिक्स केल्या, म्हणजे रसायनाने मारून जशाच्या तशा टिकवल्या, की आम्लता जाते आणि विझलेलं जीएफपी पुन्हा उजळू शकतं. शक्यतो जिवंत पेशीच बघाव्यात. हिरवा उजेड लाल चॅनेलमध्ये झिरपतोय का, हेही एकरंगी नमुन्यावर आधी तपासावं.

आणि गंमत बघा, २०१६चे नोबेलविजेते ओसुमी यांनी यीस्टमध्ये ऑटोफॅजी साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तीही विघटन अडवूनच. पाचक प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स) नसलेलं यीस्ट उपाशी ठेवलं आणि व्हॅक्युओल, म्हणजे यीस्टचा लायसोसोमसारखा कप्पा, न पचलेल्या गोळ्यांनी भरून गेला.

तुम्ही बॅफिलोमायसिनचा कंट्रोल पहिल्यापासून लावता, की रिव्ह्यूअरने मागितल्यावर?