दुसरा सा सापडला! (पाच पट्ट्यांचा स्टाईन, नोंद 7)

मंडळी, काल रात्री पावणेबाराला दुसरा सा वाजला. सलग अकरा वेळा. बाराव्या वेळी आतल्या खोलीतून "आता पुरे" असं ऐकू आलं, म्हणून थांबलो.

मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना संदर्भ ठाऊक आहे. नव्यांसाठी: मी घरी जुन्या पद्धतीचा एक छोटासा पियानो बनवतोय. नी सा रे ग प एवढ्या पाचच पट्ट्या, जर्मनीतल्या ऑग्सबुर्गचा अठराव्या शतकातला पियानो कारागीर योहान आंद्रेआस स्टाईन याच्या पद्धतीची यंत्रणा आणि लक्ष्य एकच: मोझार्टच्या के. 545 या पियानो सोनाटाची पहिली दोन मापं (तालाचे खंड). सा ऽ ग प, मग खालचा नी, सारे सा. पाच स्वरांत बसणारी याहून ओळखीची सुरावट मला तरी सापडली नाही. मे महिन्यात ती वाजलीही होती (नोंद 5 मधला माझा उन्माद आठवत असेल). जून सरता सरता 'सारे सा'मधला शेवटचा सा गायब व्हायला लागला. पट्टी खाली जाते, हातोडी ढिम्म. एक सा, त्यावर रे, की लगेच पुन्हा सा. नेमकं तिथेच माझी जीभ अडखळायची. यंत्रातली जीभ, म्हणजे खाच असलेला तो तुकडा, ज्यात हातोडी अडकून उडते! घरात यावर पुरेसे विनोद होऊन गेलेत.

पहिला संशय जिभेच्या स्प्रिंगवर. ती तंबोऱ्याच्या खर्जाची पितळी तार वाकवून केलेली आहे. तार मिरजेची, तिच्याबद्दल तक्रार नाही. ताण वाढवला, तर पट्टी जड झाली, प्रत्येक स्वरामागे 'टक्' ऐकू यायला लागलं आणि सा होता तिथेच, म्हणजे कुठेच नाही. दुसरा संशय कॅप्सलवर, म्हणजे हातोडी ज्या काट्यात झुलते त्यावर. हातोडी उचलून सोडली की काट्यात चार-पाच झोके घ्यायला हवेत, माझी दीड झोक्यात गप्प. हवेचा दमटपणा, दुसरं काय. पाचही हातोड्या दोन रात्री तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्या. झोके परत आले, सा नाही. तिसऱ्या आठवड्यात हातोडीच्या मागच्या टोकाला, म्हणजे चोचीला, पेन्सिलीचं शिसं घासलं, जिभेची खाच पॉलिश पेपरने गुळगुळीत केली. एवढं करून हाती काय लागलं, तर काळी बोटं.

शेवटी हातोड्यांसाठी कातडं आणायला म्हणून पेटीवाल्या काकांकडे गेलो आणि सगळा सांगाडा पिशवीतून बरोबर नेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं.

"भाता कुठंय याला?"

"भाता नसतो काका, हातोडी तारेवर आपटते."

"मग पेटी कशाला म्हणता?" असं म्हणत त्यांनी सा सावकाश सात-आठ वेळा दाबला. दर वेळी वाजला. मग भरभर दाबला, दर दुसऱ्या वेळी मुका. "हे बघा, खाली जाताना ही नीट जाते. खोट परतण्यात आहे. परत येतानाची बघा जरा."

मी तीन आठवडे पट्टी खाली जातानाच बघत होतो.

घरी येऊन मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं, टॉर्च बाजूने मारून. आपल्या यंत्रणेत पट्टीचं मागचं टोक वर उठतं, चोच जिभेच्या खाचेत अडकते आणि हातोडी तारेकडे फेकली जाते. पुढच्या क्षणी चोच निसटते, हातोडी खाली पडते. पट्टी सोडली की चोच जिभेला मागे ढकलून खाचेखाली उतरते आणि जीभ पुन्हा तिच्यावर येऊन बसते. इथवर सगळ्यांना पाठ. चित्रणात दिसलं ते असं: हातोडी बैठकीवर येऊन टेकली तरी चोच खाचेच्या कडेला घासत लटकलेलीच आणि जीभ बिचारी मागे रेललेली. हातोडीचं डोकं बैठकीवर जरा जास्त खाली टेकत होतं, म्हणून दुसऱ्या टोकाची चोच जरा जास्त वर राहत होती. सावकाश वाजवलं की कशीबशी घसरून आत जायची. भरभर वाजवलं की नाही.

मग मे महिन्यात कसं चाललं? तेव्हा चोच आणि खाच यांच्यात केसाएवढी फट होती. पावसाळ्यात चोचीवरचं कातडं फुगलं, बैठकीवरचा मऊ फेल्ट दबला आणि ती फट दोघांनी मिळून गिळली.

इलाज अर्ध्या तासाचा. फेल्ट उपटून टाकला आणि जुन्या घोंगडीची पट्टी कापून चिकटवली. दीड मिलिमीटर उंची वाढली. घोंगडी घट्ट विणीची असल्यामुळे दबत नाही, हातोडी तिच्यावर उसळतही नाही. स्प्रिंग मुळच्या ताणावर आणली. बस्स. सारे सा.

कातड्याचं सांगून टाकतो. ऑनलाइन मागवलेलं बकऱ्याचं कातडं एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पापुद्रा असं आलं. पाच हातोड्यांना पाच आवाज. काकांकडचं भात्याचं मेंढीचं कातडं कितीतरी सरस. हरणाच्या कातड्याबद्दल दोघांनी विचारलं होतं. जुन्या वाद्यांवर ते असतं, कबूल, पण आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहे, तो विषय सोडा.

रात्री झोप येईना म्हणून मोझार्टचं ऑक्टोबर 1777 मधलं वडिलांना लिहिलेलं पत्र पुन्हा काढलं. वय 21, साल्झबुर्गची नोकरी सोडलेली, आईला बरोबर घेऊन नवी नोकरी शोधत फिरतोय आणि ऑग्सबुर्गला स्टाईनच्या कारखान्यात पोचलाय. पट्टी दाबून धरा की सोडा, तारेला लागताक्षणी हातोडी परत पडते, याचं त्याला कोण कौतुक! शंभरात एखादाच कारागीर एवढी यातायात करतो, असं तो लिहितो. आणि पुढचं वाचून मी उठूनच बसलो: स्टाईन ध्वनिफळी (तारांचा आवाज घुमवणारी लाकडी फळी) करून झाली की उघड्यावर टाकायचा, पावसात, बर्फात, उन्हात, ती तडकावी म्हणूनच. मग फटींत पाचरी ठोकून सरसाने पक्की करायचा. तो मुद्दाम पावसात ठेवायचा आणि मी तांदळात पुरतोय!

अशा वाद्याची किंमत 300 गुल्डनच्या खाली नसे. आता 1782 च्या जानेवारीतला मोझार्ट बघा: व्हिएन्नात स्वतंत्र धंदा, तीन शिष्या, प्रत्येकीकडून महिन्याला 6 डुकाट (सोन्याची नाणी). आधी तो बारा धड्यांचे घ्यायचा, पण बायका आठवडेच्या आठवडे दांड्या मारायच्या, म्हणून महिन्यावर आला. क्लासवाल्यांना हे नवं नाही. डुकाटचे साडेचार गुल्डन धरले तर स्टाईनचं वाद्य म्हणजे ढोबळ मानाने एका शिष्येची अकरा महिन्यांची फी. वर्षभरापूर्वीच हा माणूस साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या नोकरांच्या पंगतीत खासगी चाकरांच्या खाली आणि आचाऱ्यांच्या वर बसून जेवत होता. त्या पंगतीतून उठला तो शिष्यांच्या दिवाणखान्यांच्या भरवशावर. के. 545 वरही त्याने स्वतःच्या यादीत 'नवशिक्यांसाठी' असंच लिहिलंय. तारीख 26 जून 1788, त्याच दिवशी 39 वी सिंफनीही नोंदलेली. छापून आली मात्र 1805 मध्ये, तो गेल्यावर चौदा वर्षांनी.

माझी पट्टी दाबली की 5 मिलिमीटर खाली जाते, आजच्या पियानोत 10 च्या आसपास. काल 'सारे सा' वाजवताना बोट जेमतेम हललं आणि स्वर उमटून लगेच विरला. मग कळलं, नवशिक्यांसाठी कसं ते.

पुढचा बेत: पितळी काटे आणि व्हिएन्नाचा पियानो कारागीर वाल्टर लावायचा तसा हातोडीला झेलणारा बॅक-चेक लावून पूर्ण सप्तक. हे वाक्य लिहिता लिहिताच बदलतोय. बॅक-चेक आत्ता नको. घोंगडी काम करतेय तर दुसरं लोढणं कशाला? आणि सप्तक तरी पूर्ण कशाला? तिसऱ्या-चौथ्या मापाला म, ध आणि वरचा सा एवढेच लागतात. तीनच पट्ट्या. शिवाय चौथ्या मापात म वर ट्रिल आहे, म्हणजे म आणि प दोन्ही एकाआड एक, भराभर. घोंगडीची खरी परीक्षा तिथे.

शिवणीच्या लाकडाचा तुकडा शिल्लक आहे, तीन हातोड्या निघतील. फक्त सरस या हवेत वाळत नाही आणि त्याच्या वासावरून घरात आधीच वातावरण तंग आहे. गणपतीनंतर बघू.