बाईंचा 'रन'

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा समितीचा निरोप आला तेव्हा कवायत, स्नेहसंमेलन, जुनी इमारत असं बरंच डोक्यात होतं. पण लिहायला बसलो की इंग्रजीच्या बाईच समोर उभ्या राहतात. आमच्या वेळच्या पोरांना नुसतं 'बाई' म्हटलं तरी कळतं. बाकीच्यांवर इतरांनी लिहावं.

शाळेत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आम्हाला ते पाचवीत भेटलं. सातवीत एकदा बाईंनी फळ्यावर 'रन' लिहून अर्थ विचारला. 'धावणे!' सगळा वर्ग ओरडला. बाईंनी खाली लिहिलं, 'हिज नोज इज रनिंग.' मागच्या बाकावरून उत्तर आलं, 'त्याचं नाक पळालं!' वर्ग खो खो हसला आणि आमच्या कायम सर्दीवाल्या मित्राने मुकाट्याने बाहीला नाक पुसलं. बाईही हसल्या, पण खडू थांबला नाही. नळाचं पाणी, किराणा दुकान, धुतल्यावर कापडाचा रंग, डब्यातली साखर, सगळीकडे 'रन'. मराठीत मात्र दर वेळी वेगळं क्रियापद शोधायला लावलं : वाहणे, चालवणे, जाणे, संपणे. 'शब्दाला एकटं गाठू नका, शेजारी कोण बसलंय ते बघा,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत 'रन' करतो आणि इंग्लंडमधला आपल्यासारखाच उभा राहतो, हेही त्याच तासाला कळलं. (सर्दीवाला मित्र पुढे ग्रामपंचायतीला उभा राहिला, निवडूनही आला!)

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. नव्या सुधारणेत 'रन'ने त्याला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! आज बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, 'वहीत उतरवून आण.'

माझं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. शाफ्ट, म्हणजे यंत्रातला फिरणारा दांडा, चकात (यंत्राच्या पकडीत) धरायचा, डायल (मोजायचं काट्याचं घड्याळ) लावायचा, हाताने सावकाश फिरवायचा. काटा जितका हलेल तितका 'रनआउट', म्हणजे फिरताना शाफ्टचं डुलणं. ड्रॉइंगवर २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहिलेले असतील तर एकवीस चालत नाहीत. डिप्लोमा करून आलेला नवा पोरगा हा शब्द ऐकून हमखास क्रिकेटचा विनोद करतो. मी त्याला ड्रॉइंग दाखवून विचारतो, 'शेजारी काय लिहिलंय?' धंद्यात जे काही जमलं, त्याचं श्रेय बाईंना द्यायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

परवा शाळेत येऊन गेलो. सेमी-इंग्लिश झालंय, डिजिटल फळा आलाय, कौतुकच आहे. पण मुलं मोबाइलवर शब्द बघतात आणि पहिला अर्थ मिळाला की पुढे सरकतात. बाईंचा जाडजूड कोश वाचनालयाच्या कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप. हे काही मला पटलं नाही. नव्या कोशाचे पैसे समितीकडे दिले आहेत. पावती सवडीने द्या. कोश मात्र सातवीच्या वर्गात, टेबलावर ठेवा.