खोळंब्याची ओळ

कोल्हापूरच्या शाहूपुरीत, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आमचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. वडिलांनी सुरू केलं, गेली अकरा वर्षं मी बघते. दोन मोठ्या बस आणि सतरा सीटांची एक टेम्पो ट्रॅव्हलर घरची, बाकी लागेल तशी ओळखीच्या मालकांकडून घ्यायची. दारात कोणी "गाडीचं किती घेणार?" असं विचारलं की मी कुठं, किती माणसं, किती दिवस एवढंच विचारते आणि एक आकडा सांगते. वडीलही तसाच सांगायचे. आमच्याकडे याला गुत्तं म्हणतात. गिऱ्हाईक हजार-दोन हजार कमी करायला लावतं, आपण पाचशे सोडतो, व्यवहार ठरतो.

मार्गशीर्ष लागायला आठवडा होता तेव्हा आक्का आल्या. मंगळवार पेठेत त्यांचा बांगड्यांचा छोटा गाळा आहे. गल्लीतल्या बायकांची भिशी त्याच सांभाळतात. सोबत दोन सुना होत्या, त्यातल्या एकीच्या हातात शाळेची शंभर पानी वही. सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जायचं, शेहेचाळीस माणसं, पहाटे निघून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. मी सांगितलं, एकोणपन्नास सीटांची साधी बस, चाळीस हजार, सगळं धरून.

आक्कांनी कमी करायला सांगितलं नाही. वही माझ्यापुढं सरकवली. "लिव."

"काय लिहू?"

"चाळीस कशाकशाचं ते. येक येक."

मग त्यांनी आदल्या वर्षीचं सांगितलं. दुसऱ्या एका गाडीवाल्याशी तोंडी ठरलं होतं. डोंगरावर पोचल्यावर तो म्हणाला, खोळंबा, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, वेगळा, पार्किंग वेगळं, किलोमीटर जास्त झाले; साडेपाच हजार द्या, नाहीतर गाडी हलत नाही. बायकांनी ओटीचे पैसे काढून दिले. "देवीचं पैसं दिलो आम्ही. मी तवाच ठरिवलो, फुडल्या साली कागद केल्याबिगर गाडीत पाय ठेवायचा न्हाई."

खरं सांगायचं तर अकरा वर्षांत असा ओळीनं हिशेब मी कोणाला लिहून दिला नव्हता. कंपनीच्या सहलींना कोटेशन देते, पण त्यातही एकच आकडा आणि खाली अटी. त्या दिवशी पेन हातात घेतलं आणि सुरुवात केली.

किलोमीटर आधी. सौंदत्ती कोल्हापूरहून दोनशेच्या थोडं पुढं. पण गाडीचा मीटर गिऱ्हाईक चढल्यावर सुरू होत नाही, गाडी आमच्या शेडमधून निघाली की सुरू होतो आणि शेडमध्ये परत आल्यावर थांबतो. गल्लीपर्यंत जाणं आणि डोंगरावरची ये-जा धरून चारशे चाळीस लिहिले. साधी बस लिटरला साडेचारच्या आसपास देते, म्हणजे शंभर लिटरच्या जवळपास डिझेल. नव्वदच्या घरातल्या भावानं नऊ हजार. कोगनोळी आणि हत्तरगीचा टोल, जाता-येता, बाराशे. पार्किंगचे पाचशे. ड्रायव्हर हजार रुपये रोज, क्लीनर सहाशे, तीन दिवसांचे अठ्ठेचाळीसशे. टायर, ऑइल, ब्रेक लायनर यांची झीज किलोमीटरला पाच रुपये, म्हणजे बावीसशे.

इथपर्यंत आक्का मान डोलावत होत्या. पुढची ओळ लिहिली, "गाडीचा उभा खर्च, दिवसाला ४,५००, तीन दिवस १३,५००", आणि त्यांनी बोट ठेवलं.

"मधल्या दिवशी गाडी हलणार न्हाई. तिचं कशापायी?"

हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतं आणि मी रोज "तसाच रेट आहे" असं म्हणून वेळ मारून नेते. दिवसाला किमान तीनशे किलोमीटर धरायचे, हा आमच्या धंद्यातला रिवाज. आक्कांच्या ट्रिपला तो लावला तर तीन दिवसांचे नऊशे किलोमीटर होतात आणि पंचावन्न रुपयांच्या दरानं भाडं साडेएकोणपन्नास हजारांवर जातं. गिऱ्हाइकाला ती लूट वाटते, कारण गाडी प्रत्यक्षात त्याच्या निम्मीसुद्धा धावलेली नसते. मी त्यांना तेच किमान किलोमीटर उलगडून सांगितलं. बँकेचा हप्ता, विमा, टॅक्स, फिटनेस, परमिटची फी, शेडचं भाडं या सगळ्याची वर्षाची बेरीज करून दिवसांवर वाटली की एवढं येतं. गाडी धावो, न धावो. सौंदत्ती कर्नाटकात असल्यामुळं गाडीला ऑल इंडिया टूरिस्ट परमिट लागतं. नुसतं राज्याचं परमिट असेल तर दर खेपेला विशेष परवाना काढा आणि तिकडचा टॅक्स भरा.

आक्का थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या गाळ्यागत. गिऱ्हाईक फिरकलं न्हाई म्हणून मालक भाडं सोडतोय व्हय?" आणि बोट उचललं.

धाकटी सून हुशार. ती म्हणाली, "ताई, मग आम्हाला सोडून गाडी परत जाऊ दे. तिसऱ्या दिवशी आणायला येऊ दे." वहीच्या मागच्या पानावर तेही मांडलं. रिकामी ये-जा आणखी चारशे चाळीस. डिझेल, टोल, झीज धरून बारा हजार चारशे वाढतात. वाचतो फक्त मधल्या दिवसाचा उभा खर्च, साडेचार हजार, तोही त्या दिवशी मला दुसरं काम मिळालं तर. तिनं स्वतःच ते पान दुमडलं. लांब मुक्काम आणि जवळचं ठिकाण असेल, सात दिवसांच्या लग्नघरासारखं, तर हेच गणित उलटतं. तेव्हा मी स्वतःहून गाडी परत पाठवा म्हणते.

मग थोरलीनं विचारलं, एसटीत बायकांना अर्धं तिकीट असताना एवढं कशाला? अर्धं तिकीट २०२३ पासून आहे खरं, पण राज्याच्या हद्दीपर्यंत. हद्दीपलीकडं कर्नाटकात बायकांना फुकट बस आहे, ती तिथं राहणाऱ्यांना, ओळखपत्र बघून. आणि शेहेचाळीस जणींचा तीन दिवसांचा शिधा, भांडी, परड्या घेऊन गाड्या बदलत कसं जाणार? एसटीची प्रासंगिक करारावरची, म्हणजे अख्खी भाड्यानं मिळणारी, गाडी त्यांनी विचारली होती. हा चांगला मार्ग आहे, कित्येक मंडळं वर्षानुवर्षं तसंच जातात. पण त्यातही खोळंबा आकार असतोच. तो कमी करावा म्हणून कोल्हापुरातले रेणुकाभक्त (रेणुका म्हणजेच यल्लम्मा) यात्रेआधी मागणी लावून धरतात, ते पेपरात येतं. आक्कांना ते पाठ होतं. "म्हंजे उभं ऱ्हाण्याचं पैसं सगळीकडंच," एवढंच म्हणाल्या.

बेरीज एकतीस हजार दोनशे झाली. खाली मी माझा नफा लिहिला, चार हजार. तो लिहिताना मला संकोच वाटला, तरी लिहिला. पस्तीस हजार दोनशे. देवाची यात्रा असली तरी गाडी भाड्यानं घेतली की जीएसटी लागतो, पाच टक्के, सतराशे साठ. एकूण छत्तीस हजार नऊशे साठ.

पेन तिथं थांबलं. मी चाळीस सांगितले होते. आक्कांनी आधीच चाळीसला शेहेचाळीसनं भागून प्रत्येकी आठशे सत्तर असं वहीत मांडून ठेवलं होतं. तिघी माझ्याकडं बघत होत्या. तीन हजार चाळीस रुपये कुठल्याच ओळीत नव्हते.

मी त्यांना जे खरं होतं तेच सांगितलं. टायर फुटतो, क्लच जातो, रस्ता बंद होऊन वळसा पडतो. त्यासाठी मी दरवेळी असे काही वर धरते. काही घडलं नाही तर ते माझ्याकडेच राहतात.

"मग तसं लिव की," आक्का म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. "अडचणीचं तीन हजार चाळीस. ठेवतो मी माझ्याकडं. अडचण आली तर तुला, न्हाई आली तर बायकांचं बायकास्नी."

असं मला आजवर कोणी सुचवलं नव्हतं. मी ती ओळ लिहिली, खाली सही केली. धाकटीनं तिथंच बसून मोबाइलवर आमच्या बसचा नंबर टाकून एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर विमा आणि फिटनेसची तारीख पाहिली. आमची ती बस नऊ वर्षांची, म्हणजे फिटनेस दर वर्षी करावं लागतं. तारीख पुढची होती. गाडी ठरवणाऱ्या प्रत्येकानं हे दोन मिनिटांचं काम करावं असं मला मनापासून वाटतं, माझी गाडी असली तरी. गॅसची टाकी मात्र मी गाडीत घेऊ दिली नाही. त्यावर पंधरा मिनिटं वाद झाला. शेवटी तिकडं सरपण घ्यायचं ठरलं.

पहाटे चारला गाडी गल्लीतून निघाली. "उदं गं आई उदं" म्हणत बायका चढत होत्या, त्यात आक्का वहीतली नावं वाचून एकेकीला बसवत होत्या. जोगुळभावीचं स्नान, डोंगरावरचा मुक्काम, पौर्णिमा, सगळं नीट पार पडलं. ड्रायव्हर मामांचा रोज संध्याकाळी फोन यायचा, जेवणाची काळजी नाही म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी रात्री नऊला फोन आला तो वेगळा. दुपारी दोनला निघालेली गाडी अजून डोंगराच्या पायथ्यालाच होती. ट्रॅक्टर, एसट्या, ट्रक, सगळं एकाच उतारावर अडकलेलं. तीन किलोमीटरला सात तास. मामा म्हणाले, "आता रस्ता मोकळा व्हायलाय. काढतो हळूहळू, दोन-अडीचपर्यंत पोचवतो." आवाजावरूनच कळत होतं की माणूस संपलेला आहे. मामा बावन्न वर्षांचे. दुपारपासून क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक. कायदा मोटार कामगाराला दिवसाचे आठ तास सांगतो, हा नियम १९६१ पासून चालत आलेला आहे. पण रात्री नऊला, गाडीत घरची ओढ लागलेली चाळीसवर माणसं असताना तो कायदा पाळायचा तर कोणीतरी "नाही" म्हणावं लागतं. मी नाही म्हणाले. पुढच्या गावात गाडी लावा, झोपा, उजाडल्यावर निघा.

मागून बायकांचा गलका ऐकू येत होता. कोणाला सकाळी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामावर जायचं होतं, कोणाचं पोर घरी तापानं पडलं होतं. फोन आक्कांनी घेतला. मी त्यांना सांगितलं, मामांना झोप लागेल.

"किती टाइम?"

"सहा तास तरी."

पलीकडं त्या बायकांकडं वळून काय बोलल्या ते नीट ऐकू आलं नाही. एवढंच ऐकलं, "झोपू दे त्याला. त्येच्या हातात हाय सगळ्यांचं." एका देवळाच्या आवारात आणि गाडीत मिळून त्यांनी रात्र काढली.

इकडं मला वेगळीच धावपळ. तीच बस सकाळी सातला एका वऱ्हाडाला दिलेली होती. रात्री साडेदहाला ओळखीच्या मालकाला उठवलं. त्यानं चौदा हजार घेतले, मला वऱ्हाडाकडून साडेबारा मिळणार होते.

बस चौथ्या दिवशी अकराला आली. दोन दिवसांनी आक्का ऑफिसात, हातात तीच वही आणि कमरेची चंची. "किती झालं ज्यादा?"

मी सांगणार नव्हते. पण त्यांनी वही उघडून ठेवली होती, मग सगळं सांगितलं. चौथ्या दिवसाचा उभा खर्च साडेचार हजार, दोघांचा भत्ता सोळाशे, वऱ्हाडात गेले दीड हजार. सात हजार सहाशे. त्यांच्याकडं तीन हजार चाळीस. त्या गंभीर झाल्या, बायकांकडून वर्गणी काढायला लागेल म्हणाल्या.

मी नको म्हणाले. औदार्य म्हणून नव्हे. पौर्णिमेच्या गर्दीतून येणारी गाडी दुसऱ्याच सकाळी वऱ्हाडाला देणं ही माझी चूक होती. मधे एक दिवस मोकळा ठेवायला हवा होता. तो दिवस मी लोभानं विकला होता. त्याचं नुकसान बांगड्या विकणाऱ्या बाईनं का भरायचं? आक्कांनी ऐकून घेतलं. मग सोळाशे रुपये मोजून टेबलावर ठेवले. "ह्ये त्या दोघांचं. त्यास्नी दे. झोपला म्हणून त्येचा रोज बुडायला नगं." उरलेले चौदाशे चाळीस परत चंचीत गेले.

ते कुठं गेले ते मला नंतर कळलं. जवाहरनगरात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा असते, तिथं त्यांनी मला बोलावलं. भाकरी, मेथीची भाजी, वरणं-वांगं, गाजर, कांद्याची पात, आणि पातेलंभर आंबील. जेवण झाल्यावर हात धुऊन आक्कांनी पिशवीतून वही काढली. पुढच्या सालचं पान आधीच आखलेलं होतं, डिझेल, टोल, भत्ता, सगळ्या ओळी धाकटीच्या अक्षरात, आकडे कोरे. शेवटी एक नवी ओळ होती: खोळंबा.

तिच्यावर आम्ही अर्धा तास बोललो. शेवटी मी लिहिलं: "वाटेत अडकून मुक्काम वाढल्यास ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता व जेवण यात्रेकरूंचं, गाडीचा उभा खर्च मालकाचा. रात्री गाडी चालवायची की नाही हे ड्रायव्हर ठरवेल." आक्कांनी धाकटीकडून ते दोनदा वाचून घेतलं, शेवटचं वाक्य तिसऱ्यांदा, आणि पेन मागितलं.