मशीन आपलं, डोकं जपानचं

"काका, मशीन आपलं असलं तरी डोकं जपानचं आहे."

नाशिकच्या अंबडमधल्या एका वर्कशॉपमध्ये आज सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर, काम करणारा आयटीआयचा पोरगा कंट्रोलरच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला. बोटाला कूलंट लागलेलं, आत स्टीलचा जॉब फिरतोय. तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जातच नाहीये.

१९९१ मध्ये देशानं सोनं गहाण ठेवलं होतं. त्याच जुलैत बहुतेक उद्योगांवरची लायसन्सची सक्ती उठली. आज बाहेरचं मशीन मागवायला दिल्लीचे खेटे घालावे लागत नाहीत. हे छोटं काम नव्हतं, आणि ते नाकारणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

पण चीन बघा. सुधारणा १९७८ पासून. १९९० च्या सुमारास त्यांचं आणि आपलं दरडोई उत्पन्न जवळपास सारखंच होतं! आज त्यांची अर्थव्यवस्था आपल्या चौपटीहून मोठी आहे. संशोधनावर ते जीडीपीच्या २.५ टक्क्यांहून जास्त खर्च करतात, आपण १ टक्कासुद्धा नाही. मला तर सगळी मेख इथेच दिसते.

सातपूर-अंबडमधल्या उद्योजक मित्रांनो, मोकळेपणानं सांगा: असा कंट्रोलर इथे बनवायचा ठरवला, तर तुम्हाला नेमकं काय आडवं येतं? पैसा, माणसं, की गिऱ्हाईक?