शॉर्टवेव्ह रेडिओला बाहेरचा स्पीकर जोडताना

आमच्या अण्णांना कमी ऐकू येतं, कानाचं मशीन लावायला ते तयार नाहीत आणि शॉर्टवेव्ह सोडायलाही तयार नाहीत, म्हणजे जे काय करायचं ते रेडिओच्या बाजूनेच करणं भाग होतं. रेडिओ झकास आहे, सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू ७६००जीआर, मामेभावाने मस्कतहून येताना आणलेला, चार पेन्सिल सेलवर चालतो, सिंक्रोनस डिटेक्शन आहे त्यामुळे सिग्नल वरखाली झाला तरी आवाज फाटत नाही. पण शेवटी तो प्रवासात न्यायचा सेट, त्यात स्पीकर असून असून केवढा असणार, आणि अण्णांना खिडकीपाशी खुर्चीत रेलून, रेडिओ टेबलावर ठेवून ऐकायचं असतं. कानाशी धरून बसायचं नसतं.

ऐकतात काय म्हणाल तर आता फारसं उरलेलं नाही. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं, त्या दिवशी आमच्या घरी जेवणं सुद्धा गप्प गप्प झाली होती. आता बीबीसीची इंग्रजी, चीनची हिंदी, अधूनमधून कुठलंतरी अरबी स्टेशन नुसतं गाण्यासाठी. रेडिओ सिलोन सकाळी २५ मीटरवर ११९०५ किलोहर्ट्झला लागायचं त्याच्या गोष्टी मात्र रोज. आणि त्या गोष्टीत केसकरांचा उद्धार ठरलेला, कारण १९५२ ते १९६२ माहिती आणि प्रसारण मंत्री असलेल्या बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरची फिल्मी गाणी आवळली आणि अख्खा देश सिलोनकडे वळला, मग १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढावी लागली. "आपलाच मराठी माणूस, पण काय करणार" असं म्हणून अण्णा दरवेळी तो विषय संपवतात.

तर स्पीकर. इथे इंदुरात महाराणी रोडवर गेलो, दुकानदाराला सांगितलं की रेडिओला लावायचाय. तो म्हणे, "भिया, ये चालीस वाट वाला ले जाओ, वूफर भी है, पूरी कॉलोनी सुनेगी." कॉलोनीला नाही ऐकवायचंय, एका माणसाला ऐकवायचंय हे त्याला पटवत बसलो नाही, तसाच परत आलो. कारण वॉटचा इथे काही संबंधच नाही हे माहीत होतं. घरातल्या एका खोलीत बोलणं स्पष्ट ऐकू यायला एक-दोन वॉट रग्गड होतात. शॉर्टवेव्हवर स्टेशनं ५-५ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसलेली असतात, म्हणजे त्यातून आवाजाचे जे सूर येतात ते साधारण साडेचार-पाच हजार हर्ट्झपर्यंतच. त्याच्या वर जे काही असतं ती सगळी सळसळ, आणि शेजारच्या स्टेशनची बारीक शिट्टी, ती बरोबर ५ किलोहर्ट्झवर वाजते. महागडा स्पीकर ट्वीटर (बारीक आवाजासाठीचा छोटा स्पीकर) लावून तुम्हाला तेच जास्त ऐकवणार. पैसे देऊन खरखर कशाला विकत घ्यायची?

घरात मुलीचे कॉम्प्युटरचे स्पीकर पडून होते, आधी तेच लावून बघितले, निदान अंदाज येईल म्हणून. रेडिओला दोन जॅक आहेत, एक हेडफोनचा आणि एक लाइन आउट. हेडफोनच्या जॅकला वायर लावली की आवाज रेडिओच्या बटणाने कमीजास्त होतो आणि आतला स्पीकर बंद पडतो. लाइन आउटचा आवाज मात्र ठरलेला असतो, रेडिओचं व्हॉल्यूम फिरवून त्याला फरक पडत नाही, कमीजास्त करायचं ते पुढच्या अँप्लिफायरवर. मी लाइन आउट धरला कारण ते अँप्लिफायरला देण्यासाठीच असतं, आणि अण्णांनी चुकून रेडिओचं बटण पूर्ण फिरवलं तरी पुढे आवाज फाटण्याची भीती नाही.

वायर खोचली आणि काय सांगू, जिथे मघाशी स्टेशन स्वच्छ लागलं होतं तिथे घूंऽऽ आणि त्यावर चर्रर्र असा थर. अण्णा म्हणाले, "हे काय, गिरणी लावलीस का?" मग मी एकेक काढून बघितलं. स्पीकर चालूच ठेवले आणि फक्त वायर रेडिओतून उपसली, तर रेडिओ लगेच शांत. वायर परत लावली आणि स्पीकरचा अडॉप्टर भिंतीतून काढला, आता आतल्या स्पीकरवर ऐकलं तर खरखर पुष्कळ कमी पण पूर्ण गेलेली नाही. बाजूच्या खोलीतला मोबाईलचा चार्जर काढला, अजून थोडी गेली. म्हणजे स्पीकर वाईट नव्हते हो, गडबड वायरीची होती. खिडकीतल्या छोट्या रेडिओची दांडीची एरियल म्हणजे अर्धीच एरियल असते, उरलेली अर्धी म्हणजे रेडिओचं स्वतःचं अंग. त्याला दोन मीटर वायर जोडली की ते अंग एकदम लांब होतं, सिग्नलही थोडा वाढतो (हे कानाला कळतं), पण त्या वायरीचं दुसरं टोक ज्या अडॉप्टरला बांधलंय त्याची सगळी घाणही सरळ रेडिओत येते. हे अडॉप्टर स्विचिंगवाले असतात, आत सेकंदाला हजारो वेळा चालूबंद होत असतं आणि त्याचा कचरा शॉर्टवेव्हभर पसरतो. एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, चार्जर, सगळ्यांचीच ही तऱ्हा.

ब्लूटूथचा सल्ला मुलीने दिलाच, "बाबा, वायरच नको ना मग". बरोबर आहे तिचं, पण ब्लूटूथचा ट्रान्समीटर चार्ज करायचा, स्पीकर चार्ज करायचा, जोडी जुळवायची, हे अण्णांकडून दर संध्याकाळी होणं शक्य नाही. ते बाद.

आता दोन कामं होती, वायरीतून येणारी घाण अडवायची आणि अडॉप्टर नसलेला अँप्लिफायर शोधायचा. पहिल्यासाठी जुन्या मॉनिटरची केबल कामी आली. तिच्या टोकाला तो जाड प्लास्टिकचा गोळा असतो ना, त्यात फेराइटची, म्हणजे काळ्या चुंबकीय पदार्थाची, नळी असते. प्लास्टिक कापून ती काढली आणि ऑडिओची वायर तिच्यातून जमतील तितके वेढे घेऊन ओवली, रेडिओच्या बाजूच्या टोकाला. वेढे वाढवले की अडवण्याची ताकद वेढ्यांच्या वर्गाने वाढते, दोन वेढे म्हणजे चौपट, तीन म्हणजे नऊपट, त्यामुळे बारीक वायर घेतलेली बरी, जास्त वेढे बसतात. नुसती क्लिप लावून एकदाच वायर आरपार नेली तर शॉर्टवेव्हला फारसा फरक पडत नाही, ते मी करून बघितलं. दुसरी वस्तू जेल रोडला मिळाली, कारच्या ऑडिओवाल्याकडे. ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणतात, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो पण दोन्हीकडच्या ग्राउंडचा तांब्याने संबंध राहत नाही. गाडीत इंजिनाबरोबर कुंईऽ वाजतं ते घालवायला लावतात. इथे घूं गेली ती याच्यामुळे आणि चर्रर्र गेली ती मुख्यतः फेराइटमुळे.

अँप्लिफायरचं म्हणाल तर हल्ली शे-दीडशे रुपयांत नखाएवढे बोर्ड मिळतात, पीएएम ८४०३ वगैरे, ५ व्होल्टवर चालतात, गाणी ऐकायला मस्त. पण ते डी क्लासचे, म्हणजे तेही स्विचिंगच, आणि रेडिओपासून हातभर अंतरावर अजून एक गोंगाट करणारं खेळणं मला नको होतं. महाराणी रोडवरच एका गल्लीत जुने टीव्ही-टेप दुरुस्त करणारे एक मिस्त्री बसतात, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला, म्हणाले, "कार स्टीरियो वाली आयसी लगा लो साब, टीडीए दो हजार तीन. पुरानी है पर चुपचाप काम करती है." तीच घेतली. ८ ते १८ व्होल्टवर चालते आणि कमी ओहमच्या स्पीकरलाही घाबरत नाही, हा मुद्दा पुढे फार उपयोगी पडला.

सप्लायला साधा लोखंडी ट्रान्सफॉर्मर, ९ व्होल्टचा, पुढे ब्रिज (एसीचं डीसी करणारा) आणि ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. १२ चा का नाही घेतला, तर १२ व्होल्ट एसी ब्रिजमधून गेल्यावर कपॅसिटरवर रिकामं असताना पंधरा-सोळाच्या वर चढतं आणि आपल्याकडे संध्याकाळी लाइन कधी २४० च्या पुढे जाते, मग आयसी १८ च्या काठावर येऊन बसते. ९ वाला अकराच्या आसपास देतो, निवांत. जड आहे, थोडा तापतो, पण एक सुद्धा खरखर करत नाही. तरी तो खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवलाय, रेडिओजवळ नाही, कारण मीडियमवेव्हची फेराइट रॉड रेडिओच्या आतच असते आणि आमच्याकडे ६४८ किलोहर्ट्झवर मालवा हाऊसचं, म्हणजे आकाशवाणीचं इंदूर स्टेशन पण ऐकायचं असतं.

आणि स्पीकर? तो माळ्यावर होता. आजोबांच्या वेळचा वॉल्व्हचा रेडिओ, सागवानी डबा, पुढे कापडाची जाळी, आतून कधीचा मेलेला, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळालेला. शेजारच्या काकांनी सुचवलं होतं की मागे ग्रामोफोनच्या पिकअपसाठी दोन भोकं असतात, त्यात लाइन आउट द्या म्हणजे वॉल्व्हचाच आवाज येईल. कल्पना सुंदर आहे आणि चालू रेडिओ असता तर मोह झाला असता, पण ज्याला कुणाला असं करायचं असेल त्याने आधी बघावं की आत मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे का. जे एसी-डीसी दोन्हीवर चालायचे त्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, चेसिस म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा थेट लाइनला जोडलेला असतो, आणि पिकअपच्या वायरीतून ती लाइन तुमच्या नव्या रेडिओपर्यंत आणि हातापर्यंत पोचू शकते. आत दोन-अडीचशे व्होल्ट डीसी असतं ते वेगळंच. मी प्लग कापूनच टाकला, कपॅसिटर रेझिस्टरने डिस्चार्ज केले आणि स्पीकरच्या दोन वायरी सुट्या करून बाहेर घेतल्या, बाकी कशाला हात नाही.

मीटर लावला तर २.६ ओहम दाखवलं. मीटर डीसी मोजतो, खरा आकडा त्याच्यापेक्षा थोडा जास्त असतो, म्हणजे हा ३ ओहमचा, त्या काळातले बरेच असेच असायचे. ८ ओहमचा असता तर साधारण ६-७ दाखवलं असतं. ३ ओहमचा स्पीकर हेडफोनच्या जॅकला सरळ लावला तर नुसता कुजबुजतो, पण टीडीए २००३ ला तो चालतो. कागदी कोन, एका बाजूला थोडासा विरलेला, तिथे टिश्यूपेपर आणि पातळ फेविकॉल लावलं.

जोडणी करताना एक लक्षात ठेवण्यासारखं. लाइन आउट स्टीरिओ आहे आणि स्पीकर एकच, मग डावी-उजवी वायर नुसती पीळ मारून एकत्र करायची नाही, प्रत्येकीत एकेक १ किलोओहमचा रेझिस्टर घालून पुढे एकत्र करायची, नाहीतर एफएम स्टीरिओ लागल्यावर दोन आउटपुट एकमेकांशी झुंजतात. त्या एकत्र झालेल्या ठिकाणाहून ग्राउंडला ०.०६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. दोन रेझिस्टर समांतर म्हणजे ५००, हिशेबाने साडेचार-पावणेपाच किलोहर्ट्झच्या वरचं उतरायला लागतं, रेडिओचा आतला रेझिस्टन्स धरला तर अजून जरा खालीच. पाच-सहा रुपयांचा माल, पण ती ५ किलोहर्ट्झची शिट्टी याने जी बसली ती बसलीच.

संध्याकाळी ३१ मीटर लावलं. निवेदिकेचा आवाज त्या लाकडी डब्यातून असा आला की अण्णा खुर्चीतून पुढे वाकले नाहीत, मागेच रेलून राहिले, आणि व्हॉल्यूम अर्ध्याच्याही खाली होतं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बातम्या लागल्यात का? मला शब्द कळतायत इथपर्यंत." अण्णांनी फक्त विचारलं की डब्यावरची जुनी काचेची डायल उजळत नाही का. म्हटलं तो दिवा नंतर बघू.

दोन दिवसांनी तक्रार आली. एफएमवर गाणी लावली तर म्हणे उशी ठेवल्यासारखी ऐकू येतात. येणारच, कपॅसिटर वरचं सगळं खातोय ना. मग त्याला एक छोटा स्विच लावला आणि तो रेडिओच्या जुन्या टोन कंट्रोलच्या भोकातून बाहेर काढला, नॉबही तिथलाच बसवला. डावीकडे शॉर्टवेव्ह, उजवीकडे गाणी. अण्णा तो डावीकडेच ठेवतात, गाणी लागली तरी, आणि विचारलं की सांगतात, "सिलोन असंच लागायचं."

दिवा अजून राहिलाय, ६.३ व्होल्टचा लागेल.