किल्ली डब्यात

लातूरच्या गंजगोलाईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलो, की किल्ली खिशातच राहू द्यायची. हँडलला बोट लावलं की खिशातल्या किल्लीचा सिग्नल ओळखून गाडी उघडते. लई सोय! पण घरी किल्ली खुंटीला आणि गाडी भिंतीपलीकडं. चोरानं एक यंत्र भिंतीशी, दुसरं गाडीशी धरलं की किल्लीचा सिग्नल तिथवर पोचतो. गाडीला वाटतं, मालकच आलाय. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी १० मॉडेलांवर हे करून दाखवलं होतं.

म्हणून किल्ली स्टीलच्या डब्यात टाकली. डबा घेऊन गाडीपाशी गेलो, तर दार उघडलंच! झाकण सैल होतं. मग फॉइलचे दोन वेढे दिले, तेव्हा कुठं गाडी गप्प बसली. आई म्हणाली, "भाकरीगत गुंडाळलास की रे किल्लीला!"