वॉरंटी पंचवीस वर्षांची, स्टिकर आठही टिकलं नाही

सोलर पॅनेल बसवणार असाल तर आधी एकच काम करा. पॅनेल गच्चीवर चढवण्याआधी प्रत्येकाच्या सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा. आम्ही तो काढला नाही आणि त्यापायी तीन महिने गेले.

आमचं घर सोलापूरचं. 2016 मध्ये 260 वॅटची बारा पॅनेल बसवली. माझे सासरे, अण्णा, तेव्हापासून रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा आकडा कॅलेंडरच्या चौकटीत लिहितात. 2017 च्या मार्चची सरासरी दिवसाला 13.4 युनिट, 2024 च्या मार्चची 10.6. पॅनेल घासून धुतली तरी फरक पडेना. तुलना नेहमी त्याच महिन्याशी करावी. आमच्याकडे मे महिन्यात पॅनेल 65 अंशांपर्यंत तापतं, आणि 25 च्या वर दर अंशाला साधारण 0.4 टक्के वीज कमी होते. ती घट उन्हाळ्यापुरती असते. वयाने होणारी झीज वेगळी, वर्षाला अर्धा ते पाऊण टक्का. आमच्या वॉरंटीत पहिल्या वर्षी 3 आणि पुढे दरवर्षी 0.7 टक्के घट धरलेली, म्हणजे आठ वर्षांनी 92 टक्के तरी हवे होते.

ओळखीच्या वायरमन काकांनी भर दुपारी एकेक पॅनेल तपासलं. आठ पॅनेल 8 अँपिअरच्या आसपास, चार जेमतेम साडेसहा. त्या चारांत काचेखालचे सेल मधोमध तपकिरी झालेले, चहा सांडून वाळल्यासारखे, आणि कडेने मात्र स्वच्छ. सेल ज्या प्लॅस्टिकच्या थरात बसवतात तो उन्हाने असा करपतो. बारा पॅनेल एकाच माळेत जोडलेली, त्यामुळे चार मंदावली की बाकीच्या आठांनाही ती ओढतात. (हे घरी स्वतः करू नका. माळेत साडेतीनशे व्होल्टच्या वर डीसी असतो, चालू लोडवर कनेक्टर ओढला तर ठिणगी पडते.)

मग पॅनेल बनवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं, चारही पॅनेलचे सिरीयल नंबर आणि स्टिकरचे स्पष्ट फोटो पाठवा. स्टिकर पॅनेलच्या मागे, आणि पॅनेल गच्चीपासून जेमतेम दीड फुटावर. पहाटे सहाला मी पाठीवर झोपून आत सरकले आणि मोबाईलचा टॉर्च लावला. कागद पांढराफटक, शाई उडालेली. 8 आहे की 3, काही कळेना. काढले तसे फोटो पाठवले. दहा दिवसांनी उत्तर: 'फोटो अस्पष्ट आहे, कृपया पुन्हा पाठवा.' पुन्हा पाठवले, पुन्हा तेच. फोन केला की दर वेळी नवा तक्रार क्रमांक, आणि पहिल्यापासून सगळी कहाणी. बिल पाठवलं तर म्हणाले, यात नंबर नाहीत. बिलावर फक्त '260 वॅट, 12 नग'. पॅनेल बसवणाऱ्याने धंदा कधीच बंद केलेला. एप्रिल गेला, मे गेला, जून संपत आला. अण्णा रोज विचारायचे, 'आलं का गं काही?' आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं.

शेवटी काकाच एकदा ओल्या फडक्याने पॅनेलचा वरचा काठ पुसत होते आणि थांबले. 'ताई, हे बघा.' काचेच्या आत, फ्रेमला लागून, बोटाएवढी बारीक पट्टी. बारकोड, आणि खाली तोच नंबर, छापल्या दिवसाइतका ठळक. पंधरा मिनिटांत बाराही नंबर वहीत उतरले. तो नंबर कारखान्यातच काचेखाली बसवलेला असतो. तीन महिन्यांत एकाही माणसाला सांगता आलं नाही की बाई, पुढून बघा? याचा राग मला अजून आहे.

पुढचं भराभर झालं. दोन पॅनेल प्रयोगशाळेत गेली, 211 आणि 214 वॅट भरली. हवी होती 239. चारही बदलून मिळाली. 260 ची आता बनत नाहीत म्हणून 320 ची आली, माळेत चालली.

वाहतूक आणि उतरवण्या-चढवण्याचा खर्च मात्र आपला. वॉरंटीच्या कागदावर तो बारीक अक्षरात लिहिलेला असतो, बसवण्याआधी वाचा. आणि अण्णांसारखी नोंद ठेवा. आमच्या अर्जासोबत आठ वर्षांच्या मार्च महिन्यांची पानं जोडली होती, आणि त्यांवर कोणी एकही प्रश्न विचारला नाही.